देवाच्या मागून समुद्राला

आमच्या अंबाबाईचं तोंड पश्चिमेला. कोल्हापुरात हे कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. 9 ते 11 नोव्हेंबर आणि पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. अर्थात ढग, धूळ आणि वाटेतल्या वाढलेल्या इमारती यांनी येऊ दिली तर.

मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. निवृत्त झालो तरी पट्टी हातातून सुटली नाही. एका किरणोत्सवाला गर्दीत घामाघूम होऊन उभा असताना मनात आलं, ही किरणं ज्या दिशेनं येतात ती दिशा उलटी धरून चालत सुटलं तर माणूस कुठं निघेल? घरी येऊन नकाशा पसरला. या दिवसांत आपल्याकडं सूर्य पश्चिमेच्या सतरा-अठरा अंश दक्षिणेला मावळतो. तेवढा कोन धरून रेघ मारली. ती गगनबावड्याच्या जवळून घाट उतरून देवगडच्या जरा वर समुद्रात गेली. बायको चष्मा लावून शेजारी येऊन बसली. तिचं माहेर देवगड तालुक्यातलं. "मग कुणकेश्वरालाच जाऊया की," ती म्हणाली. "या साली आमचा देव जाणार आहे म्हणं."

रेघ काही कुणकेश्वरात उतरत नाही, आठ-दहा किलोमीटर उत्तरेला पडते. मोजणीदारानं एवढी तफावत सोडायची नसते. यात्रेकरूनं सोडायला हरकत नाही.

कुणकेश्वर हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवगड तालुक्यातलं, अगदी पुळणीला लागून असलेलं शंकराचं देऊळ. कोल्हापूरला दक्षिण काशी म्हणतात, कुणकेश्वराला कोकणची काशी म्हणतात, आणि दोन्हीकडची माणसं आपापली उपाधी सोडायला तयार नसतात. देवळाची कथा अशी सांगतात की एका परदेशी मुसलमान व्यापाऱ्याचं गलबत तुफानात सापडलं. किनाऱ्यावर एक दिवा दिसला, त्या दिव्याला त्यानं नवस बोलला, जगला, आणि नवस फेडायला देऊळ बांधलं. मग आपल्या धर्माचे लोक आता आपल्याला घेणार नाहीत म्हणून त्यानं शिखरावरून उडी टाकली. देवळाजवळ त्याचं थडगं लोक आजही दाखवतात. कथा कितपत खरी, ते मोजायला माझ्याकडं साखळी नाही. पण शंकराच्या यात्रेला आलेली म्हातारी माणसं त्या थडग्यालाही हात जोडून पुढं जातात, हे मी पाहिलं.

महाशिवरात्रीला इथं यात्रा भरते, आणि ती बाकीच्या यात्रांहून वेगळी आहे. आपण वारकरी मुलखातली माणसं. पंढरीला विठोबा विटेवर उभा असतो आणि संतांच्या पादुका घेऊन आपण त्याच्याकडं जातो. जोतिबाला सासनकाठ्या घेऊन डोंगर चढतो. देव जागेवर, माणूस वाटेवर. कुणकेश्वराला गावोगावचे देवच चालत येतात. कुठलं रवळनाथाचं गाव, कुठलं भगवतीचं, कुठलं रामेश्वराचं. ज्या वर्षी देवाचा कौल मिळतो त्या वर्षी गावाचा देव लवाजमा घेऊन निघतो, वाटेत इतर गावांच्या देवांना भेटतो, कुणकेश्वराची भेट घेतो आणि शिवरात्रीनंतरच्या अमावास्येला समुद्रात स्नान करून परत फिरतो. माणसं देवाकडं जात नाहीत. देव समुद्राकडं जातो आणि माणसं त्याच्याबरोबर असतात.

स्पेनमध्ये सांतियागोच्या संताच्या कबरीपर्यंत युरोपभरातून लोक चालत जातात, हे हल्ली आपल्याकडंही पुष्कळांना माहीत झालंय. त्यातले काही जण तिथं न थांबता आणखी नव्वद-एक किलोमीटर चालून अटलांटिकच्या काठावर फिनिस्तेरेला जातात, कारण एके काळी जमीन तिथं संपते असं मानत. म्हणजे समुद्रापर्यंत चालल्याशिवाय चालणं पुरं झाल्यासारखं वाटत नाही, ही खोड फक्त आमचीच नव्हे. फरक एवढाच की त्यांचा संत देवळात राहतो.

कोल्हापूर ते कुणकेश्वर अशी ठरलेली पायवाट नाही, पाट्या नाहीत, मुक्कामाच्या सोयी नाहीत. आम्ही धरला तो देवगड-निपाणी रस्त्याला मिळणारा जुना मार्ग: पुईखडी, हळदी, परिते, राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, नांदगाव, शिरगाव आणि पुढं किनारा. दीडशे किलोमीटरच्या आसपास. बायको गुडघ्यांमुळं एसटीनं माहेरी जाऊन थांबणार आणि शेवटचा टप्पा देवाबरोबर चालणार, असं ठरलं. मेव्हणा मला फोंड्याला भेटणार होता. तिथवर मी आणि खात्यातलाच एक जुना शिपाई, जो शिपाई असताना साखळी ओढून माझ्यापेक्षा दुप्पट चाललेला आहे.

पहिला पट्टा उसाचा. फेब्रुवारी म्हणजे गळीत हंगाम, आणि भोगावती कारखान्याच्या वाटेवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पहाटेपासून. त्यांच्यावरची गाणी अर्धा मैल आधी ऐकू येतात, तेव्हा बाजूला व्हायला वेळ मिळतो. एवढा एक त्यांचा उपकार. चालायचं ते रस्त्याच्या उजव्या बाजूनं, समोरून येणारं वाहन दिसेल असं. गुऱ्हाळावर थांबलं की रस मिळतोच, पैसे घेत नाहीत, फक्त विचारतात, "आदमापूरला का?" कारण या भागात अमावास्येच्या सुमाराला पायी चालणारा माणूस तिथल्या बाळूमामाच्या दर्शनालाच निघालेला असणार, हे गृहीत. कुणकेश्वर म्हटलं की एक क्षण गप्प होतात आणि मग म्हणतात, "लई लांब की वो."

लांब नाहीच, हे मला नकाशानं आधीच सांगितलेलं. गंमत अशी की आपल्या नद्यांना ते कुणी सांगितलेलं नाही. आमच्या रस्त्याच्या डाव्या-उजव्या हाताला खेळणारी भोगावती चिखलीच्या प्रयागाजवळ कासारी, कुंभी, तुळशीला मिळते, गुप्त सरस्वती धरून त्यांची पंचगंगा होते, ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाते, आणि कृष्णा थेट आंध्रात बंगालच्या उपसागराला. हजार-एक किलोमीटरचा प्रवास. आणि ज्या डोंगरात हे पाणी पडतं, त्याच्या पश्चिमेच्या कड्यावर उभं राहिलं तर अरबी समुद्र पन्नास-साठ किलोमीटरवर असतो. सह्याद्रीचा कणा किनाऱ्याला इतका चिकटून आहे म्हणून हे होतं. घाटमाथ्याच्या अलीकडं पडलेला थेंब पूर्वेला जातो, पलीकडं पडलेला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाडीत. आम्ही भोगावतीच्या उलट दिशेनं, तिच्या उगमाकडं चाललो होतो, म्हणजे पाण्याच्या मानानं उलटेच.

राधानगरीला धरणाच्या भिंतीकडं न बघता पुढं जाणारा कोल्हापूरकर मला अजून भेटायचाय. शाहू महाराजांनी 1909 च्या सुमाराला काम सुरू केलं, मुलीच्या, राधाबाई आक्कासाहेबांच्या नावानं गाव वसवलं. 1922 ला महाराज गेले, तेव्हा भिंत अर्धवट होती. पुरी झाली ती स्वातंत्र्यानंतर. पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारे सात दरवाजे आहेत. पावसाळ्यात आम्ही कोल्हापुरात बसून त्यातले किती उघडले ते मोजत असतो, 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर तर जास्तच. फेब्रुवारीत ते सातही शांतपणे बंद होते आणि त्यांच्याखाली एक बाई कपडे धूत होती.

पुढं दाजीपूरचं जंगल. राज्यातल्या सर्वांत जुन्या अभयारण्यांपैकी एक, गव्यांसाठी प्रसिद्ध. इथं एकच नियम पाळा: पहाटेच्या अंधारात चालू नका. बाकी सगळीकडं आम्ही चारला उठून उन्हाच्या आत टप्पा उरकत होतो, पण इथं चांगलं उजाडेपर्यंत चहा पीत बसलो. गवा अंगावर येतो तो रागानं कमी आणि दचकून जास्त. वळणावर अचानक माणूस दिसला की तो पळायला वाट शोधतो, आणि त्या वाटेत तुम्ही असता. आम्हाला एकच दिसला, रस्त्यापासून बऱ्यापैकी आत, पांढरे मोजे घातलेले पाय आणि बाकी सगळा काळोख. शिपाई हळूच म्हणाला, "साहेब, ह्याचा गट नंबर काय?"

फोंडाघाट उतरायला लागलं की चार तासांत मुलूख बदलतो. वर थंडीनं कानाला फडकं बांधलेलं, खाली उतरलो तर सदरा अंगाला चिकटलेला. मातीचा रंग तांबडा, घरं जांभ्याच्या चिऱ्यांची, आणि भाषेत 'इलो' आणि 'गेलो'. एके काळी या घाटानं बैलांच्या पाठीवरून खाली धान्य आणि गूळ जायचा, वर मीठ आणि सुकी मासळी यायची. आजही ट्रकांत तेच असतं, मीठ सोडून. उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते. चढापेक्षा उतार वाईट, हे डॉक्टरला विचारायची गरज नाही. घाटात पायाला फोड आला तर सुईनं फोडू नका, कापडी पट्टी लावा आणि मोजा उलटा घाला, म्हणजे शिवण बाहेर जाते.

फोंड्याच्या बाजारात मेव्हणा उभा होता. माझ्या पायांकडं बघत म्हणाला, "भावोजी, आता तुमचा चलणा संपला. आता देव चलतलो, आपण मागसून जावचा."

त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. तोवर आम्ही मजल मारत होतो: सकाळी इतके किलोमीटर, दुपारी इतके, मुक्काम अमुक. सासुरवाडीच्या देवाची स्वारी निघाली आणि तो सगळा हिशोब निकामी झाला. स्वारीत पुढं निशाण, मग ढोल-ताशे, सनई, छत्र, अब्दागीर, आणि मधे तरंग. तरंग म्हणजे देवाची उंच काठी, तिला रंगीत लुगड्यांच्या चुण्या घातलेल्या, शेंड्याला धातूचा पंजा नाहीतर मुखवटा. ती ज्याच्या खांद्यावर, त्याच्या अंगात देवाचा अवसर येतो, आणि मग चालायचं कधी, थांबायचं कधी, वळायचं कुठं हे माणसांच्या हातात राहत नाही. प्रत्येक गावाच्या शिवेवर तिथले मानकरी वाट बघत उभे. देवाला देव भेटतो, काठीला काठी लागते, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव "व्हय म्हाराजा!" म्हणून साद देतो. मग घरोघरच्या बायका पाण्याची कळशी आणि ओटी घेऊन रस्त्यात. देवाचे पाय म्हणजे काठी घेतलेल्या माणसाचे पाय. ते धुतात, पुसतात, पुढच्या घरासमोर परत धुतात. एका वाडीतून बाहेर पडायला आम्हाला दुपार गेली. मी घड्याळ बघितलं तर मेव्हण्यानं माझं मनगट धरून खाली केलं.

चप्पल नाही. हे मला आधी सांगितलेलं होतं, पण सांगणं वेगळं आणि जांभ्याचा सडा वेगळा. शिरगावकडच्या उघड्या माळावर अकरानंतर दगड तापतो. कोल्हापुरी माणूस आणि अनवाणी, यावर स्वारीतल्या पोरांनी पुरेशी करमणूक करून घेतली. शिपाई मात्र आरामात चालत होता. तो आयुष्यभर बांधावरून तसाच चालला होता. स्वारीबरोबर असेपर्यंत शाकाहार, दारू नाही, आणि झोपायचं ते देवाच्या मुक्कामाच्या मांडवात, जमिनीवर. जेवण त्या-त्या गावाचं: भात, आमटी, कसली तरी भाजी, कधी सोलकढी. एका आजीनं मला वाढताना विचारलं, "कोल्हापुरासून चलत इलात? आणि तुमका गाड्यो नाय गावल्यो?" मी बायकोकडं बोट दाखवलं. माहेरवाशिणीला स्वारीत वेगळाच मान असतो. तिच्यापुढं ताट आधी आलं, आणि गुडघ्यांची तक्रार त्या दोन दिवसांत मी तरी ऐकली नाही.

सगळंच गोड होतं असं नाही. कुणाचा मान आधी, निशाण कुणाच्या घराण्याचं, शिवेवर नारळ कुणी फोडायचा, यावरून एका ठिकाणी स्वारी तासभर खोळंबली आणि आवाज चढले. कोकणात मानपानाच्या वादावरून गावं वर्षानुवर्षं कोर्टात गेलेली आहेत, देवळांना कुलपं लागलेली आहेत. मी आयुष्यभर बांधाच्या भांडणांत पट्टी घेऊन उभा राहिलोय, तेव्हा मला हे अनोळखी नव्हतं. माझं मत असं की मान वाटून दिलेत म्हणून गावातलं प्रत्येक घराणं देवाला बांधलेलं राहतं, आणि त्याच वाटपात कुणाला तरी कायम मागंच चालावं लागतं, हेही तितकंच खरं. त्या दिवशी वाद मिटवला तो अवसरानंच. काठी एकदम पुढं निघाली, आणि भांडणारे दोघंही तिच्यामागं धावले.

किनाऱ्याच्या जवळ आल्यावर रस्त्यावर दुसऱ्या गावांच्या स्वाऱ्या दिसायला लागल्या. एका वळणावर तीन ढोलांचे तीन ठेके एकमेकांत मिसळत होते. हापूसच्या बागा, झाडांना बारकी कैरी, आणि वारा एकदम खारा. मग देवळाचं शिखर आणि त्याच्या पलीकडं पाणी. बायको लहानपणी इथं येऊन गेलेली. ती आधी खाजं विकणाऱ्या बाईकडं गेली, मग देवाकडं.

आमच्या देवानं कुणकेश्वराची भेट घेतली ती रात्री. गर्दी इतकी की मला तरंगाचा फक्त शेंडा दिसत होता. अमावास्येला सकाळी सगळ्या स्वाऱ्या पुळणीवर उतरल्या. अमावास्या आणि पौर्णिमेला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका ओळीत येतात, म्हणून भरती-ओहोटी दोन्ही मोठ्या असतात. त्यालाच उधाण म्हणतात. या किनाऱ्यावर अशा दिवशी पाणी पहाटे खूप मागं जातं आणि दुपारच्या सुमाराला पुरं भरतं. मागं गेलेलं असताना खडकांत कोरलेली शिवलिंगं उघडी पडतात, एरवी ती पाण्याखालीच. स्नानाला उतरायचं तर भरती चढायच्या आत, आणि स्थानिक माणूस जिथं उभा राहील तिथंच. यात्रेत पोहण्याची हौस भागवू नये. तरंग घेतलेली माणसं कमरेएवढ्या पाण्यात गेली, लाट आली, लुगड्यांच्या चुण्या भिजल्या आणि एकदम हजारो लोक पाण्यात. काही कुटुंबं थोडी बाजूला, शांतपणे, वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी सोडत होती. माझ्या सासूबाई त्याच्या आदल्या पावसाळ्यात गेल्या होत्या. बायको त्या बाजूला गेली, मी मेव्हण्याबरोबर गुडघाभर पाण्यात उभा राहिलो आणि दोघांनी ओंजळी सोडल्या.

देव त्याच संध्याकाळी परत फिरला, चालत. आम्ही एसटीनं. ज्या घाटानं गुडघे मोडले तो गाडीनं तास उलटायच्या आत मागं टाकला, आणि शिपायानं सगळा वेळ झोप काढली.

आता कुणाला जायचं असेल तर. कोल्हापूर ते फोंडा हा पट्टा तुमचा आहे, हवं तेव्हा आणि हवं तसं चाला; रस्त्याकडेची देवळं आणि ग्रामपंचायती रात्रीपुरता आसरा देतात, फक्त संध्याकाळच्या आत पोचून विचारायला हवं. पुढचा पट्टा एखाद्या गावाबरोबर चालायचा असेल तर जानेवारीत चौकशी करा, कुठल्या देवाला यंदा कौल झालाय. कुठल्या ना कुठल्या गावचा देव दर वर्षी निघतोच. गावच्या मानकऱ्यांना विचारूनच स्वारीत सामील व्हा. चप्पल पिशवीत टाका. पाणी स्वतःचं ठेवा, पण कुणी दिलेलं नाकारू नका. आणि ढोल कितीही हाताशी आला तरी वाजवू नका. तो मान ज्याच्या घराण्याचा आहे तो माणूस तिथंच कुठंतरी उभा असतो.